उष्णता आधी जाते : कुष्ठरोगातल्या बधिरतेचं एक प्रकरण

कुष्ठरोगाचा संशय असलेला चट्टा तपासायला फार साधनं लागत नाहीत. रुग्णाला आधी उघड्या डोळ्यांनी सगळं समजावून सांगतात, मग डोळे मिटायला लावतात. बॉलपेनच्या टोकाने त्वचेला हलकेच स्पर्श करायचा आणि जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं. चट्ट्याबाहेर बोट नेमकं त्या जागी पडतं. चट्ट्यात स्पर्श केला की हात हलतच नाही, किंवा बोट दोन-चार सेंटिमीटर लांब कुठेतरी टेकतं. मोठ्या रुग्णालयात याच्या पुढची पायरी असते. एका परीक्षानळीत कोमट पाणी, दुसऱ्या नळीत गार पाणी. स्पर्श अजून ओळखू येतो, पण गरम कुठलं आणि गार कुठलं ते सांगता येत नाही, असे रुग्ण इथे सापडतात. स्वयंपाक करताना हात भाजला आणि फोड दिसला तेव्हाच कळलं, असं सांगत येणाऱ्या बायकांच्या हाताला बहुतेक हेच झालेलं असतं.

हा क्रम जपून ठेवण्यासारखा आहे. उष्णतेची जाणीव नेणारे तंतू सर्वांत बारीक असतात आणि त्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे मेदयुक्त आवरणाचं, वेष्टन नसतं. त्यांना ‘सी’ तंतू म्हणतात. गारवा आणि टोचणारी कळ नेणाऱ्या ‘ए-डेल्टा’ तंतूंवर पातळ वेष्टन असतं. हलका स्पर्श नेणारे ‘ए-बीटा’ तंतू जाड आणि भरपूर मायलिन असलेले. रुग्ण उष्णता आधी गमावतो, म्हणजे वेष्टन नसलेले तंतू लवकर बाधित होतात. या लेखातला प्रश्न इथूनच निघतो : मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जंतू संवेदी मज्जातंतू नेमका कसा बिघडवतो, आणि ते शोधायला मांडलेल्या प्रयोगांनी रुग्णाने गमावलेली गोष्टच मोजली का?

प्रयोगशाळेला न जुमानणारा जंतू

आर्माऊर हॅन्सन यांनी नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये १८७३ साली हा जंतू पाहिला. माणसाच्या रोगाला कारण म्हणून सुचवलेल्या पहिल्या जंतूंपैकी हा एक. तरीही आजपर्यंत तो कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. त्याच्या जनुकसंचाचं वाचन २००१ साली प्रसिद्ध झालं तेव्हा कारण बऱ्याच अंशी उलगडलं. त्याची हजाराहून जास्त जनुकं मोडून निकामी झालेली आहेत, त्यामुळे जिवंत पेशीच्या आधाराशिवाय त्याचा निभाव लागत नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. क्षयाचा जंतू हेच काम एका दिवसाच्या आत उरकतो.

जंतू वाढत नसेल तर तो रोग घडवतो हे सिद्ध कसं करायचं? १८७९ मध्ये हॅन्सन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. खटला झाला आणि रुग्णालयातलं पद गेलं. आपल्याकडे याच्या अगदी उलट घडलं. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करत असताना जंतू वाढवण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी आपलं शरीर देऊ केलं आणि स्वतःला टोचून घेतलं. जंतू रुजला नाही. निष्कर्ष निघाला नाही म्हणून तो प्रयोग वाया गेला असं मला वाटत नाही. माणूस या जंतूचा स्वाभाविक यजमान असूनही बहुतेक माणसांत तो रुजत नाही, हे आज आपण जाणतो. तेव्हा मात्र एका माणसाने हा धोका स्वतःच्या अंगावर घेतला होता. या विषयातल्या प्रयोगांबद्दल बोलताना ही दोन टोकं मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण संवेदी मज्जातंतूवरचा मानवी प्रयोग आजही संमतीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

१९६० साली अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात जंतू वाढवून दाखवले. तळपाय निवडला तो विचारपूर्वक. हा जंतू शरीराच्या गार भागांत रमतो : नाक, कानाची पाळी, कोपरापाशी त्वचेलगत धावणारी अल्नर नस. शेपर्ड यांच्या पद्धतीने औषधं तपासता येऊ लागली आणि औषधाला न जुमानणारे जंतू ओळखता आले. पण उंदराला माणसासारखी बधिरता येत नाही. पुढे १९७१ मध्ये नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो मिळाला. त्याचं तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, आणि त्याच्या नसाही खरोखर बाधित होतात. अडचण अशी की आर्माडिलो प्रयोगशाळेत पैदा करणं कठीण, त्याला रोग व्हायला महिने-वर्षं लागतात, आणि उंदरात जनुकं काढता-घालता येतात तशी त्याच्यात येत नाहीत. थोडक्यात, जिथे जंतू सहज वाढला तिथे बधिरता नव्हती आणि जिथे बधिरता होती तिथे प्रयोगाला हात बांधलेले होते. पुढचे सगळे प्रयोग या कोंडीतून वाट काढत झाले.

रुग्णांमध्ये आधी काय बिघडतं

यंत्रणेकडे वळण्याआधी एक काम उत्तर भारतात झालं, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत कमी वाचलं जाणारं पण सर्वांत उपयोगी काम तेच आहे. इन्फिर नावाच्या अभ्यासात उत्तर प्रदेशातल्या नैनी आणि फैजाबाद इथल्या दोन कुष्ठरोग रुग्णालयांत नव्याने निदान झालेले बहुजंतुक प्रकारचे ३०३ रुग्ण घेतले. त्यातल्या, आरंभी नसांची तक्रार नसलेल्या १८८ जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. प्रत्येक भेटीत एकाच माणसावर अनेक चाचण्या : नायलॉनचे मोनोफिलामेंट, स्नायूंची ताकद, नसेतून विद्युतसंदेश जाण्याची तपासणी, आणि त्वचेवर टेकवलेल्या पट्टीचं तापमान हळूहळू बदलत उष्णता व गारवा कधी जाणवतो हे पाहणारं यंत्र.

मोनोफिलामेंट म्हणजे ठरावीक जाडीचा नायलॉनचा दोरा. तो त्वचेवर उभा धरून वाकेपर्यंत दाबायचा. वाकला की दाब तेवढाच राहतो, मग तपासणारा कोणीही असो. निळा ०.२ ग्रॅमचा, जांभळा २ ग्रॅमचा. हाताला निळा कळला पाहिजे, तळपायाला जांभळा. पद्धत स्वस्त, टिकाऊ आणि गावपातळीवर चालणारी. मात्र हा दोरा जाड, मायलिनवाल्या तंतूंनाच प्रश्न विचारतो.

निकाल असा आला की संवेदी नसेच्या विद्युतसंदेशाची उंची आणि उष्णता जाणवण्याची मर्यादा या दोन गोष्टी सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत आधी बिघडत होत्या. अनेकांच्या बाबतीत मोनोफिलामेंट बिघडण्याच्या बारा आठवडे किंवा त्याहून आधी. संदेशाची उंची कमी होते याचा अर्थ काम करणारे तंतूच कमी झाले. वेग मंदावणं ही वेष्टन झडल्याची खूण. म्हणजे रुग्णांकडून मिळालेला इशारा वेष्टनापेक्षा तंतूकडे बोट दाखवत होता.

मुंबईत वरळीला डॉ. नोशीर अंटिया यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. वनजा शेट्टी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या नसांचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं पाहिले. सुरुवातीच्या अवस्थेतल्या नसांत मायलिनचं नुकसान आणि आतला तंतू आकसणं ही दोन्ही सोबत असतात, हे त्यांनी १९८० च्या दशकातच नोंदवलं होतं. प्लॅस्टिक सर्जन असलेल्या अंटियांना वाकडी बोटं सरळ करता करता ती वाकतातच का, हा प्रश्न पडला आणि त्यांनी त्यासाठी संस्था उभी केली. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पहिला मोठा प्रयोग : रोगप्रतिकारक पेशी वगळून

१९९७ ते २००२ या काळात न्यूयॉर्कमध्ये अनुरा रंबुकना आणि सहकाऱ्यांनी जंतू नसेच्या पेशीला चिकटतो कसा हे टप्प्याटप्प्याने उलगडलं. मज्जातंतूभोवतीच्या, त्याला वेष्टन देणाऱ्या श्वान (Schwann) पेशींवर लॅमिनिन-२ या प्रथिनाचं अस्तर असतं. जंतू त्या अस्तराला धरतो, आणि अस्तराखालचं आल्फा-डिस्ट्रोग्लायकन त्याला पेशीशी जोडतं. धरण्यासाठी जंतूकडे खास वस्तू आहे : पृष्ठभागावरचं फिनॉलिक ग्लायकोलिपिड-१, म्हणजे पीजीएल-१. त्याच्या टोकाला तीन शर्करांची साखळी असते, आणि ती याच जंतूची ओळख.

मग २००२ चा प्रयोग. प्रश्न असा की नस बिघडते ती जंतूमुळे की शरीराच्या प्रतिकारामुळे? उत्तरासाठी प्रतिकार बाजूला काढायचा. एका बाजूला बशीत वाढवलेले मज्जातंतू आणि श्वान पेशी, त्यात रोगप्रतिकारक पेशी एकही नाही. दुसऱ्या बाजूला रॅग-१ जनुक काढलेले उंदीर, ज्यांच्यात पक्व बी आणि टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे दोन प्रकार, तयारच होत नाहीत. दोन्हीकडे जंतू चिकटताच मायलिन झडलं. निष्कर्ष : जंतूचा नुसता स्पर्श पुरतो.

प्रयोग देखणा आहे. दोन भिन्न मांडण्या एकच उत्तर देत असतील तर विश्वास वाढतोच. पण दुसऱ्या मांडणीतली एक फट सहज नजरेआड होते. रॅग-१ नसलेल्या उंदरात बी आणि टी पेशी नसल्या तरी मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी, असतात, आणि कुष्ठरोगाचा जंतू राहतो तो मुख्यतः त्यांच्यातच. ‘रोगप्रतिकारक पेशी वगळल्या’ असं वाचताना कुठल्या वगळल्या हे विचारायला हवं होतं, आणि ते विचारायला पंधरा वर्षं गेली.

त्याच शोधनिबंधात आणखी एक निरीक्षण होतं. मायलिन असलेल्या श्वान पेशींत जंतू शिरत नाही, तो बाहेरून चिकटतो. मायलिन नसलेल्या श्वान पेशींच्या आत मात्र तो मोठ्या संख्येने राहतो. रुग्णाची पहिली तक्रार ज्या तंतूंची, त्यांच्याच भोवतीच्या पेशी जंतूचं घर आहेत, हे इथे डोळ्यांसमोर होतं. तरी मथळ्यात मायलिनच राहिलं, कारण मोजलं गेलं होतं ते मायलिन.

दुसरा मोठा प्रयोग : पारदर्शक मासा

२०१७ साली क्रेसिडा मॅडिगन, लॉस एंजेलिसमधले अल्व्हारो सागास्ती व रॉबर्ट मॉडलिन आणि केंब्रिजमधल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिशच्या अळ्या वापरल्या. रामकृष्णन बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. क्षयरोगासाठी झेब्राफिशचं प्रारूप त्यांच्याच प्रयोगशाळेने रूढ केलं.

मासा का? काही दिवसांची अळी काचेसारखी आरपार दिसते, त्यामुळे जिवंत प्राण्यात घटना घडताना पाहता येते. त्या वयात तिच्यात जन्मजात प्रतिकार असतो, टी आणि बी पेशींचा अजून नसतो, म्हणून मॅक्रोफेजचा प्रश्न वेगळा काढता येतो. शिवाय ती साडेअठ्ठावीस अंशांवर वाढते, आणि थंडाव्यात रमणाऱ्या या जंतूला ते मानवतं.

मायलिन हिरवं चमकेल असे मासे घेतले आणि त्यांच्या मेरुरज्जूपाशी रंगवलेले जंतू टोचले. जंतूंच्या पुंजक्यांजवळ मायलिन फुगून मेदूवड्यासारखी, मधे भोक असलेली कडी तयार झाली. खरं कौशल्य पुढच्या तुलनेत आहे. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी, माशांना क्षय करणारा मायकोबॅक्टेरियम मॅरिनम घेतला. तो जवळचा नातेवाईक, वाढतो, मॅक्रोफेजमध्ये राहतो, स्वतःचं ग्लायकोलिपिडही बनवतो. त्याची शर्करा मात्र वेगळी. त्याने मायलिन बिघडलं नाही. मग त्याच जंतूत कुष्ठजंतूची जनुकं घालून त्याला पीजीएल-१ बनवायला लावलं, आणि तो तसंच नुकसान करू लागला. पीजीएल-१ आवश्यक आहे का हे कुष्ठजंतूतून ते काढून पाहता येत नाही, कारण तो जंतू वाढवून त्याची जनुकं बदलण्याची सोयच नाही. म्हणून उलट बाजूने, मायलिन न बिघडवणाऱ्या भावंडात ते घालून, पुरेसेपणा तपासला. अडचणीतून निघालेली ही मांडणी विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावी.

नंतर मॅक्रोफेज काढून टाकले. जंतू तिथेच होते, पण मायलिन शाबूत राहिलं. चलचित्रात दिसलं की मॅक्रोफेज एरवीही तंतूंवरून गस्त घालतात. जंतू गिळलेले मॅक्रोफेज जिथे तंतूला चिकटून बसतात तिथे इजा होते. यंत्रणाही हाती आली. पीजीएल-१ मुळे मॅक्रोफेजमध्ये नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर वाढतं, त्यातून निघालेली नायट्रोजनची क्रियाशील संयुगं तंतूतल्या मायटोकाँड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या घटकाला, इजा करतात आणि मायलिनही झडतं. ही संयुगं रोखली की इजाही थांबली.

मग २००२ चा निकाल चुकीचा होता का? तसं म्हणायला मी धजणार नाही. बशीतल्या प्रयोगात मॅक्रोफेज नव्हते, तरी मायलिन झडलं होतं. जंतूंची संख्या भरपूर असेल तर थेट स्पर्शाने इजा होत असेल. रोगाच्या सुरुवातीला जंतू मोजकेच असताना मॅक्रोफेज पहिला घाव घालत असतील. दोन्ही प्रयोग एकाच रोगाच्या वेगवेगळ्या घडीला पाहत असावेत. माशाच्या मर्यादाही उघड आहेत : मेरुरज्जूतलं मायलिन श्वान पेशी बनवत नाहीत, ऑलिगोडेंड्रोसाइट बनवतात, आणि काही दिवसांची अळी वर्षानुवर्षं हळूहळू पसरणारा रोग दाखवू शकत नाही.

मला खटकतं ते वेगळं. दोन्ही प्रयोगांत मुख्य मोजमाप मायलिन होतं, कारण ते रंगवता येतं, चमकवता येतं, मोजता येतं. मासा किंवा उंदीर काय जाणवून घेऊ शकत नाही, हे कोणी मुख्य मोजमाप म्हणून विचारलं नाही.

पुढचा प्रयोग कसा मांडावा

बधिरता समजून घ्यायची तर संवेदनाच मोजली पाहिजे. झेब्राफिशच्या अळीत याची सोय आहे. तिच्या त्वचेत रोहन-बिअर्ड आणि ट्रायजेमिनल संवेदी पेशींच्या उघड्या, मायलिन नसलेल्या शाखा पसरलेल्या असतात. त्या स्पर्श आणि उष्णता ओळखतात. पाणी तापलं की अळी जास्त पोहू लागते, टोचलं की झटक्यात पळते. म्हणजे उष्णता आणि स्पर्श यांचे प्रतिसाद एकाच प्राण्यात वेगवेगळे मोजता येतात. कॅल्शियमवर उजळणारं प्रथिन त्या पेशींत घातलं तर पोहणं स्नायूंमुळे मंदावलं की जाणीवच गेली, हेही ठरवता येईल.

गट चार लागतील : फक्त द्राव टोचलेले, साधा मॅरिनम, पीजीएल-१ वाला मॅरिनम, आणि कुष्ठजंतू. प्रत्येक गट मॅक्रोफेजसह आणि मॅक्रोफेजविना. टोचणाऱ्याला नळीत काय आहे ते माहीत नसावं, मोजणाऱ्यालाही नसावं. आणि एक तांत्रिक आग्रह, कारण यावर भलेभले घसरतात : मोजणीचं एकक मासा हवा, तंतू नव्हे. एका माशातले तीस तंतू ही तीस स्वतंत्र निरीक्षणं नसतात. तसं धरलं तर आकडेशास्त्र काहीही सिद्ध करून देतं.

माणसांतला भाग अधिक नाजूक आहे. चट्टा कडेने पसरतो, म्हणून एकाच चट्ट्याचं मध्य, कड आणि कडेबाहेरची निरोगी दिसणारी त्वचा या तीन जागा काळाच्या तीन टप्प्यांसारख्या वाचता येतात. प्रत्येक जागी आधी उष्णतेची मर्यादा मोजायची, मग मोनोफिलामेंट, मग संमती असेल तरच ३ मिलिमीटरचा त्वचेचा नमुना. त्यात बाह्यत्वचेतले उघडे तंतू मोजायचे, आणि शेजारी नायट्रोटायरोसिनचा डाग आहे का ते पाहायचं. नायट्रोजनच्या संयुगांनी प्रथिनांवर सोडलेली ही खूण मानवी चट्ट्यांत आधीही नोंदली गेली आहे. जागा काळाच्या बदली वापरणं हे गृहीतक आहे, पुरावा नव्हे. म्हणून काही रुग्णांच्या कडेबाहेरच्या जागेची उष्णतेची मर्यादा पुढच्या भेटींत पुन्हा मोजावी लागेल. बहुविध औषधोपचार मात्र एक दिवसही लांबवायचा नाही. तो निदानाच्या दिवशीच सुरू होतो, आणि अभ्यासाने त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

हे सगळं कशासाठी? सध्या नस सुजली की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात. २००४ च्या ट्रायपॉड चाचणीत बांगलादेश आणि नेपाळमधल्या रुग्णांना औषधोपचाराच्या पहिल्या चार महिन्यांत कमी मात्रेत प्रेडनिसोलोन दिलं. तेवढ्या काळात नसांचं नुकसान कमी झालं, वर्ष उलटेपर्यंत हा फायदा टिकला नाही. जळजळ शमवून न थांबणारं काहीतरी चालू राहतं, असं त्यातून दिसतं. नायट्रिक ऑक्साइडच रोखावं तर ते जंतूंशी लढण्याचं शरीराचं हत्यारही आहे. त्यामुळे रोखायचं कुठे, हे आधी कळायला हवं : मॅक्रोफेजमध्ये, की तंतूच्या मायटोकाँड्रियापाशी त्याला वाचवून. भारतात आजही दरवर्षी लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त. त्यांच्यातल्या कित्येकांच्या नसा निदानाच्या दिवशी मोनोफिलामेंटला अजून उत्तर देत असतात.

प्रयोग सुरू करण्याआधी लिहून ठेवावं असं भाकीत एकच. मॅक्रोफेजची यंत्रणा बधिरतेचं खरं कारण असेल, तर पीजीएल-१ वाल्या मॅरिनमच्या माशांत उष्णतेचा प्रतिसाद स्पर्शाच्या आधी घटेल, आणि मॅक्रोफेज काढलेल्या माशांत दोन्ही शाबूत राहतील. माणसांत कडेबाहेरच्या त्वचेत, जिथे उष्णतेची मर्यादा वाढलेली पण निळा दोरा अजून कळतो, तिथे नायट्रोटायरोसिन उघड्या तंतूंशेजारी सापडेल. तो तिथे नसेल आणि फक्त चट्ट्याच्या मध्यावर, तंतू मरून गेलेल्या जागी दिसेल, तर नायट्रिक ऑक्साइड हा परिणाम ठरेल, कारण नव्हे, आणि मायलिन नसलेल्या श्वान पेशींच्या आत बसलेल्या जंतूकडे पुन्हा वळावं लागेल.